जन्नतबीच्या अंगणातली झाकणवाली शेगडी

खरं सांगते, एकदम खरं! अन्नाच्यान, लोखंडाच्यान, माझ्या चारी पायांच्यान! यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर मला आत्ताच्या आत्ता भंगाराच्या गाड्यावर चढवा, मी हूं का चूं करणार न्हाई. एवढ्या मोठ्यानं सांगून राहिले, कारण माझी गोष्ट ऐकून लोक गालातल्या गालात हसतात. हसू नका. ऐका.

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी हाय. गॅसची. माझं पोट पिंपासारखं गोल, वर तसंच गोल झाकण, झाकणाला लाकडी मूठ. आत जाळी, जाळीखाली बर्नर, त्याच्याखाली चरबी गळायचा पत्रा. आजकालची पोरं मला ‘बार्बेक्यू’ म्हणतात. म्हणू द्या. लातूरच्या एका गल्लीत जन्नतबीचं घर हाय, तिच्या अंगणात पेरूच्या झाडापासून चार हात लांब मी उभी असते. माझ्या डोक्यावर छप्पर न्हाई, पत्रा न्हाई, ताडपत्रीसुद्धा न्हाई. सांजच्याला पेरूवरची पाखरं गप होतात, आभाळ आधी केशरी अन् मग जांभळं होतं, अन् ते सगळं माझ्या झाकणावर उतरतं. तवा मला वाटतं, मी शेगडी न्हाईच, मी एक छोटंसं तळं हाय.

पण जन्माला आले तवा मी तळंही नव्हते अन् शेगडीही नव्हते. मी पिंप होते, गोडेतेलाचं. त्र्याण्णव साली किल्लारीकडं भूकंप झाला, गावंच्या गावं मातीत गेली, अन् जी माणसं उरली त्यांच्यासाठी मुलुखातून गाड्या आल्या. कुणी धान्य पाठवलं, कुणी चादरी, कुणी मला पाठवलं. माझ्यातल्या तेलात एकाच दिवशी सात गावांच्या पुऱ्या तळल्या, तरी तळाला तेल उरलंच. बघायला दुसरं कुणी नव्हतं, पण मी आतून बघत होते ना.

मग मी रिकामी झाले अन् एका बांधावर आडवी पडले. वारा माझ्या तोंडातून आत शिरायचा, गोल गोल फिरायचा अन् भोंऽऽ करत भायेर पडायचा. पलीकडं पत्र्याची घरं उभी राहत होती, लांब लांब ओळीत, उन्हात चमकायची. मला ती नदीसारखी दिसायची. किती दिवस असे गेले, मला सांगता यायचं न्हाई. पिंपाला दिवस मोजता येत न्हाईत.

त्या पत्र्याच्या घरांचे सांगाडे जोडायला लातूरहून पाशामियाँ आले होते. वेल्डिंगचं काम त्यांचं. त्यांची बायको जन्नतबी, तिचं माहेर तिथलंच. माहेरचं घर बघायला म्हणून ती आली, तर घराच्या जागी ढीग होता अन् दोन माणसं कमी झाली होती. ती परत गेलीच न्हाई. सहा महिने तिथंच राहून कामावरच्या माणसांना अन् गावच्या माणसांना रांधून घालत राहिली.

तवा कुणी छपराखाली पाय ठेवायला तयार नव्हतं. चूल पत्र्याच्या आत मांडली की बायका अर्ध्या भाकरीवरून उठून भायेर पळायच्या, उगीच, नुसतं भांडं वाजलं म्हणून. जन्नतबी एक दिवस पाशामियाँला म्हणली, “अजी, मला अशी चूल करून द्या, जिच्या डोक्यावर काही नको. ना भिंत, ना पत्रा. पडलंच तर आभाळ पडंल.”

“आभाळ पडलं तर ते कशानं जोडू?” पाशामियाँ म्हणले.

“ते तुमी बघा. तुमी मिस्त्री हाव.”

पाशामियाँनी मला बांधावरून उचललं. सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुतलं, काठोकाठ पाणी भरून ठेवलं, मग कुठं हत्याराला हात घातला. तेलकट पिंपाला ज्योत दाखवायची न्हाई, हे ते माझ्याशीच बोलत होते. मग मला लांबीत कापलं. दुखलं का, म्हणाल तर न्हाई. उजेड आत आला एवढं आठवतं. खालचा अर्धा भाग पोट झाला, वरचा झाकण, मधी बिजागरी, खाली उरलेल्या लोखंडी अँगलचे चार पाय. पोटात कोळसे पडले, अन् मी पहिल्यांदा ऊब म्हणजे काय ते बघितलं.

माझ्यावर पहिलं काय भाजलं, सांगू? वांगी. ती ज्यानं खाल्ली, तो शेषेराव. जन्नतबीच्या माहेरच्याच गावचा, वीस वर्षांचा, शेतीवाडीतला गडी. त्याची आई अन् मोठी बहीण, दोघी मातीखाली गेल्या होत्या अन् त्यानं आपल्या हातांनी त्यांना भायेर काढलं होतं. चार दिवस तो जेवला नव्हता. जन्नतबीनं भाजलेलं वांगं सोललं, मीठ-मिरची घातली, भाकरीवर ठेवून त्याच्या पुढं केलं.

“खा भाई. तुझ्या आईच्या हातचं न्हाई हे, अन् मी तसं म्हणणार बी न्हाई. पण गरम हाय.”

शेषेरावनं खाल्लं. तवापासून तो तिला भाभी म्हणतो.

काम संपलं तसं मला जीपच्या टपावर बांधून लातूरला आणलं. मग माझे काय दिवस होते, मित्रांनो! लग्नाचं घर असो का बाळाच्या अकीक्याचं, गल्लीतली माणसं आधी मला आवतण द्यायची अन् मग पाशामियाँला. माझ्या सीखकबाबचा वास पार नांदेडला विष्णुपुरीच्या धरणापर्यंत जायचा. तिथले मासे पाण्याभायेर उड्या मारून काठावर येऊन बसायचे, अन् वास ओसरला की सुस्कारा टाकून परत जायचे. ज्यांनी बघितलं ते आता हयात न्हाईत, न्हाईतर साक्षीला बोलावलं असतं.

मग लातूर बदललं. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले, गल्लीगल्लीत क्लास, घराघरावर ‘मुलींसाठी खोल्या मिळतील’च्या पाट्या. पहाटेपासून सायकली सुटायच्या, जणू थव्यानं उडून राहिल्यात. जन्नतबीनंही दोन खोल्या पोरींना दिल्या. अन् तिथं माझं नशीब फिरलं. कोळशाचा धूर खिडकीतून आत जायचा, पोरींच्या डोळ्यांतून पाणी, पुस्तकांना कबाबाचा वास. एक पोरगी म्हणली, “आजी, पान उघडलं की भूक लागते, पाठ काहीच होत न्हाई.”

मला पाण्याच्या टाकीमागं सारलं. पाच वर्षं मी तिथं होते. कुणी झाकण उचललं न्हाई. कोळ्यांनी जाळी विणली, पावसाचं पाणी साचलं, आटलं. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली, अन् एकवीस पिल्लं निघाली. ती अजून मला ओळखतात. गंजत गंजत मी सपनं बघायची. सपनात वारा यायचा, भोंऽऽ करायचा, अन् मी पुन्हा बांधावर असायची.

पाशामियाँचं वय झालं, कोळशाची राख काढायला वाकवंना. तवा त्यांनी मला टाकीमागून काढलं, खरडलं, घासलं, अन् माझ्या पोटात नवा बर्नर बसवला. नळी आयएसआय शिक्क्याची आणली, रेग्युलेटर चांगला आणला. सिलिंडर माझ्या पोटाखाली न्हाई, बाजूला, हातभर लांब, उभाच. त्याला आडवं केलेलं जन्नतबीला चालत न्हाई. पाशामियाँ म्हणले, “पावसात भिजंल, वर पत्रा टाकू, तीन बाजूंनी आडोसा करू.”

“न्हाई,” जन्नतबी म्हणली. “कोळसा असो का गॅस, हिच्यावर छप्पर येणार न्हाई. गॅस जड असतो म्हणतात. कोपरा मिळाला की तिथंच बसून राहतो, पाहुण्यावाणी. अंगणात ठिवा. पाऊस आला तर झाकून ठिवा अन् खिचडी खा.”

दोन हजार अठराच्या जूनमधी शेषेराव आला. केसं पिकली होती. सोबत ट्रंक अन् ट्रंकेमागं एक पोरगी, सृष्टी. सतरा वर्षांची, डॉक्टर व्हायचं म्हणणारी.

“भाभी, एकच हाय मला. तुमच्या हवाली करून राहिलो.”

“एकच हाय म्हणून दोनदा जपू,” जन्नतबी म्हणली. अन् मित्रांनो, ते बोलणं तिनं असं गाठीला बांधलं की सृष्टी शिंकली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं.

पोरगी अभ्यासाला वाघीण, पण सांज झाली की डोळे भरायचे. तिच्या गावी सांजच्याला आगटी पेटायची, माणसं भवती बसायची, इथं चार भिंती अन् प्रश्नपत्रिका. म्हणून जन्नतबी तिला माझ्याकडं घेऊन आली. “चल, तुला आग शिकवते. पुस्तकात शिकवत न्हाईत ती.”

काय काय शिकवलं! आधी केसं बांध. ओढणी खोच, नायलॉनची असंल तर काढूनच ठिव. मग साबणाचा फेस करून नळीला अन् जोडाला लाव. बुडबुडा फुगला की समज, गॅस गळतोय. काडी दाखवून गळती बघायची न्हाई, कधीच न्हाई. सृष्टीला हे फेसाचं काम लई आवडायचं. सांजच्या उजेडात तो फेस गुलाबी, हिरवा, निळा व्हायचा. एका बुडबुड्यात मी अख्खं लातूर उलटं बघितलं, अन् सगळे क्लास खाली डोकं वर पाय करून चालू होते.

मग पेटवायचं. “आधी झाकण उघडायचं. पूर्ण. मग काडी ओढायची. मग बटन फिरवायचं, हळू. झाकण बंद असताना काडी ओढलीस तर ही शेगडी राहत न्हाई, बाँब होते. काय?”

“आधी झाकण, मग काडी, मग बटन.”

“पुन्हा.”

“आजी, शंभर वेळा झालं!”

“एकशे एकावं बोल.”

अन् ज्योत मधीच विझली, तर बटन बंद, सिलिंडर बंद, झाकण उघडं, अन् एक पान चघळून होईपर्यंत हात लावायचा न्हाई. जन्नतबी खरंच पान खायची. सृष्टी पान खात नव्हती, ती मेंदूच्या बारा नसांची नावं सावकाश चारदा म्हणायची. जन्नतबीला त्यातली सहा पाठ झाली होती.

“आजी, गॅसला मुळात वास नसतोच,” सृष्टी एकदा म्हणली. “कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं औषध घालतात. परीक्षेला येतं.”

“मग ज्यानं घातलं त्याला दुवा दे. मार्क नंतर घे.”

अशा दोघी एकमेकींना शिकवत होत्या, अन् एका शब्दाकडं मात्र कुणाचं ध्यान नव्हतं. तो शब्द म्हणजे ‘लाव’. जन्नतबीच्या तोंडी लाव म्हणजे बंद कर. दार लाव, खिडकी लाव, नळ लाव, गॅसचा कॉक लाव. आग पेटवायची असली की ती ‘सुलगाव’ म्हणायची. अन् सृष्टीच्या गावी लाव म्हणजे पेटव. दिवा लाव, चूल लाव, गॅस लाव. दाराला ते लोक ‘पुढं कर’ म्हणतात. एकदा सांजच्याला मच्छर येऊ लागले, जन्नतबी खिडकीकडं बोट दाखवून म्हणली, “लाव ते.” सृष्टीनं खिडकीतली मेणबत्ती लावली. दोघी पोट धरून हसल्या, पाशामियाँ हसले, मी हसले. अन् सोडून दिलं. तिथंच चुकलं.

जानेवारीत, ज्वारी हुरड्यात आली तवा, शेषेराव रविवारी आला. खांद्यावर पोतं, पोत्यात हिरवी कणसं. सृष्टीनं पोत्यात तोंड घालून वास घेतला अन् लहान लेकरावाणी नाचली. हुरडा आगटीत भाजतात, पण अंगणात आगटी कुठं, म्हणून माझ्यावर भाजला. काय तो वास! दूध अन् धूर अन् शेत. शेषेराव डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, आपण सगळे त्या बांधावर परत गेलोय.

सृष्टीला धीर निघंना. कणीस पोत्यावर न्यायचं, चोळायचं, पाखडायचं, एवढं थांबलं कोण? ती माझ्यावरच कणसं चोळू लागली. दाणे तळहातात, अन् तूस माझ्या पोटात. बारीक, हलकं तूस, जाळीतून खाली, बर्नरच्या भोकांत. रोज काम झालं, मी गार झाले की जन्नतबी बर्नरवर तारेची घासणी फिरवायची, पत्रा धुवायची. त्या दिवशी पाहुणे, हसणं-खिदळणं, गावाकडच्या गप्पा. घासणी फिरवायची राहिली.

मंगळवारी दुपार कलली तवा सृष्टी भरतासाठी तीन वांगी घेऊन आली. पाशामियाँ त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानावर. जन्नतबी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालून राहिलेली. सृष्टीनं सगळं बरोबर केलं. झाकण, काडी, बटन. माझी डावी बाजू पेटली. उजवी पेटली न्हाई, भोकांत तूस होतं. तिनं बघितलं, अन् म्हणली, “चालतंय.” वांगी ठेवली. गार वारा सुटला होता, ज्योत लवत होती, म्हणून तिनं झाकण खाली ओढलं अन् स्टुलावर बसून प्रश्नपत्रिका उघडली.

मित्रांनो, अर्धाच बर्नर पेटलेला अन् वर वारा. एक झुळूक खालून आली अन् डावी बाजूही विझली. मला लगेच कळलं. पेटलेली असले की माझ्या पोटात एक बारीक घुर्र असतं, मांजरावाणी. ते थांबलं. नुसतं फस्स उरलं. गॅस येतच होता, झाकणाखाली साचत होता. मी आतून ओरडून राहिले, पण शेगडीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? सृष्टी पेशीच्या आत कुठंतरी हरवली होती.

वास जन्नतबीला आला. अंगणाच्या त्या टोकाला, ओल्या चादरीआडून. तिच्या दातांत कपड्यांचा चिमटा. हातातली चादर तिथंच टाकली अन् चिमट्यासकट ओरडली, “लाव! पोरी, लाव! लाव!”

सृष्टीनं मान वर केली. बघितलं तर ज्योत न्हाई, घुर्र न्हाई. आजी म्हणते लाव. तिनं काडीपेटी उचलली. काडी काढली. काडी पेटीच्या कडेला टेकवली.

अन् तवा, मित्रांनो, मी सगळं बळ एकवटलं! पिंप होते तवाचं, बांधावरच्या वाऱ्याचं, सात गावांच्या पुऱ्यांचं! बिजागरी करकरली अन् माझं झाकण आपोआप, धाडकन, उघडलं! गॅसचा लोट वर आला, सृष्टीच्या नाकात गेला, ती किंचाळून मागं सरली, काडीपेटी उडून थेट कपड्यांच्या बादलीत पडली. जन्नतबी धावत आली, सिलिंडर बंद केला, पोरीला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. काहीच झालं न्हाई. नुसता पेरूवर पाखरांचा गलका झाला अन् थांबला.

जन्नतबी जमिनीवर बसली. दातांतला चिमटा तिनं आता कुठं काढला.

“तुमीच तर लाव म्हणल्या, आजी!” सृष्टी रडत होती.

“मी बंद कर म्हणून राहिले होते गं माय!”

“लाव म्हणजे पेटव ना?”

“लाव म्हणजे लाव! दार लावतो तसं!”

मग दोघींना कळलं. एकमेकींकडं बघत राहिल्या, जणू पहिल्यांदाच भेटून राहिल्यात.

संध्याकाळी पाशामियाँनी मला खोललं. बर्नर उलटा करून आपटला, तर मूठभर तूस पडलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन बघितलं. तारेनं एकेक भोक साफ केलं. अन् जन्नतबीनं त्याच घडीला फर्मान काढलं की या घरात ‘लाव’ शब्द बंद.

“मग कुलूप काय करू?” पाशामियाँ म्हणले.

“घाल.”

“मेहंदी?”

“काढ.”

“तुझ्या बहिणीला फोन?”

“कर!”

“अन् चहाला साखर कमी पडली तर जीव?”

“गप बसा अजी,” ती म्हणली, पण रडता रडता हसली.

आता खरी भीती पुढंच होती. रविवारी शेषेराव येणार होता. सृष्टी जन्नतबीच्या मागं मागं फिरून राहिली, “आजी, बाबाला सांगू नका. घेऊन जातील मला. परीक्षा चार महिन्यांवर आली. पाया पडते.”

“सांगणार. शब्द माझ्या तोंडातून गेलाय. पोर त्याची हाय.”

“ते दुसरं काहीच ऐकणार न्हाईत. तुमाला माहीत हाय त्यांचं.”

“माहीत हाय म्हणूनच सांगणार.”

रविवारी तो आला. जन्नतबीनं त्याला पाणी दिलं, माझ्या शेजारी बसवलं अन् सगळं सांगितलं. तूस, वारा, चिमटा, शब्द. स्वतःला वाचवायला एक अक्षर कमी केलं न्हाई. शेषेराव ऐकत राहिला. त्याचे हात गुडघ्यावर होते, अन् ते हळूहळू मुठी झाले.

“माय, ट्रंक भर,” तो म्हणला.

“बाबा...”

“भर म्हणलो ना.” मग जन्नतबीकडं बघून, हळू, “भाभी, तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमी मला जगवलं. पण दोन माणसं मी मातीखालून काढलोय. तिसरं काढायचं बळ न्हाई माझ्यात. शिकली न्हाई तर चालंल. जिती राहू दे.”

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. मला वाटलं, आता ही सायकलींच्या थव्यातून उडून गेलेली पोर पुन्हा यायची न्हाई.

ट्रंक दारात आली. शेषेरावनं ती उचलली, अन् खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. “काडी टेकवली होती म्हणता. मग झाकण कसं उघडलं?”

आता इथं, मित्रांनो, माझी पंचाईत झाली हाय. मी तुम्हाला मघाशी जे सांगितलं ते इथं आणलं, तर गोष्ट मोडते. झाकण आपोआप उघडलं म्हणलं, तर शेषेराव पोरीला घेऊनच जातो. अन् बरोबर करतो. जे माणूस नुसत्या नशिबानं वाचलं, त्याला त्याच जागी परत कोण ठेवंल? अन् तो तर तिला घेऊन गेला न्हाई. तवा सांगावंच लागतं. मी झाकण उघडलं न्हाई. ते एवढं एक मी मनानं घातलं. लई वर्षं टाकीमागं पडून होते, वाटलं, एकदा तरी आपल्याला शूर म्हणावं कुणी.

खरं झालं ते सृष्टीनं त्याला सांगितलं.

“मी उघडलं, बाबा. काडी ओढणारच होते. आजी लाव म्हणत होत्या. पण हात आधी झाकणाकडं गेला. इचार करून न्हाई. आपोआपच जातो तो आता. उघडलं अन् वास आला, तशी पेटी फेकून दिली.”

“आपोआप जातो?”

“शंभर वेळा म्हणून घेतलंय आजीनं. एकशे एक वेळा.”

शेषेरावनं जन्नतबीकडं बघितलं. मग म्हणला, “म्हणजे सवय कुणी लावली?”

“आजीनं लावली.”

“या अल्ला,” जन्नतबी म्हणली, “मी तो शब्द या घरात बंद केला होता!”

पहिले पाशामियाँ हसले. मग शेषेराव. हसता हसता त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले, ट्रंक पायानंच आत सारली अन् म्हणला, “भाभी, मला बी शिकवा. घरी हिच्या आईला सांगाया होईल.” मग त्यानं माझी मूठ धरली, झाकण पूर्ण उघडलं, अन् काडी ओढली. ज्योत दोन्ही बाजूंनी आली, निळी, शांत.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी असंल. तिला मोकळ्या हवेत ठिवा. तिची नळी म्हातारी झाली की बदला, तिची भोकं साफ ठिवा, अन् शेजारी जो उभा हाय त्याच्या तोंडचा शब्द अन् तुमच्या तोंडचा शब्द एकच हाय का, ते पेटवायच्या आधी विचारून घ्या. माझ्या भरवशावर राहू नका. पोटात गॅस साचला तर मला कळतं, पण मी कुणाला वाचवू शकत न्हाई. बाकी सगळं खरं हाय, मासे बी खरे, पिल्लं बी खरी. पण झाकण त्या पोरीनं उघडलं. मी नुसती उभी होते, अन् लई भ्याले होते.